ढुमणे डिजिटलचे सुटे भाग

वणीत माणसाची ओळख त्याचं काय चालतं यावरून होते. कुणाची खाणीवर गाडी चालते, कुणाची जिनिंग चालते, कुणाची नुसती जीभ चालते. नागोराव ढुमण्यांची गाडी बंद पडली, जिनिंग कधी नव्हतीच, आणि जिभेला मात्र आजवर एकही पार्ट बदलावा लागलेला नाही.

त्यांच्या छापखान्याला लागून माझं वह्यापेनांचं दुकान आहे. मधली भिंत चार इंची विटेची. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून आलेलं आहे. नागोरावांचा आवाज असा आहे की भिंत नसती तरी फारसा फरक पडला नसता.

छापखान्याआधी त्यांचे कोळशाचे ट्रक होते. खाणीतून माल उचलायचा आणि रेल्वेच्या सायडिंगला नेऊन ओतायचा. धंदा बरा चालला होता. मग एका मे महिन्यात घुग्गुसच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचा सेंटर बोल्ट तुटला. बोटाएवढा लोखंडाचा तुकडा, पण तो तुटला की स्प्रिंगच्या पाट्यांची सारी चळत सरकते आणि चाक तिरपं होतं. वणीत तो बोल्ट मिळेना, चंद्रपूरच्या दुकानाला कुलूप. नागोराव भरल्या गाडीखाली सावली धरून बसले. शेजारून बाकीच्यांचे ट्रक हॉर्न वाजवत जात होते. कुणी थांबून पाणी दिलं, कुणी थांबून सल्ला दिला. सल्लेवाले जास्त होते. बोल्ट येईपर्यंत ठेकेदारानं त्यांची फेरी दुसऱ्याला देऊन टाकली आणि ती परत मिळालीच नाही. पुढं एकेक करून ट्रक विकले गेले.

या प्रसंगातून दुसरा कुणी एक सेंटर बोल्ट जवळ ठेवायला शिकला असता. नागोराव शिकले ते असं, की या जगात ज्याच्याकडे पार्ट आहे तो राजा आणि बाकीची सगळी रयत. राजा व्हायची संधी तेवढी यायची राहिली होती.

ती डिजिटल छपाईच्या रूपानं आली. तोवर वणीत फ्लेक्सवाले गल्लोगल्ली झाले होते. नुकतंच बारसं झालेल्या बाळापासून दहावं झालेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाचं फ्लेक्स चौकात लटकत होतं. पण जाड, गुळगुळीत कागदावर फोटोसारखी लखलखीत लग्नपत्रिका छापायची, तर लोक नागपूरला जात. नागोरावांनी नागपूरहूनच एक मोठं डिजिटल प्रिंटिंग मशीन आणलं. वापरलेलं होतं, पण तब्येतीनं चांगलं. ते उतरवताना रस्ता बंद झाला, नारळ फुटले, आणि विमलताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्याला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं मशीनच्या आत गेलं. पहिले कितीतरी दिवस पत्रिका जराशी पिवळसर यायची, आणि गिऱ्हाईक त्याला शुभ समजून घेऊन जायचं.

मशीनबरोबर नागपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस शिकवायला आला होता. त्यानं समजावून सांगितलं, "नागोरावजी, या मशीनमधले काही भाग झिजणारच. ड्रम झिजतो, ब्लेड झिजते, कागद ओढणारे रबराचे रोलर झिजतात. म्हणून एकेक जादा भाग घेऊन ठेवा. पण ज्या काळ्या पिशवीत येतो त्याच पिशवीत, अंधाऱ्या आणि थंड जागेत."

नागोरावांना एक देणगी आहे. कुठल्याही वाक्यातला आपल्याला आवडणारा भाग ते तेवढा उचलतात आणि उरलेला सांगणाऱ्याकडे परत जातो. त्यांनी "घेऊन ठेवा" एवढं उचललं.

निगराणीच्या बाबतीत मात्र त्यांना कुणाचं ऐकायची गरज वाटली नाही. आयुष्य ट्रकवर गेलं होतं. वणीत हवेपेक्षा कोळशाची भुकटी जास्त, ती मशीनमध्ये शिरणारच. शिकवणाऱ्यानं मऊ फडका आणि बारीक व्हॅक्यूम वापरायला सांगितलं होतं. नागोरावांनी समोरच्या पंक्चरवाल्याकडून टायरमध्ये हवा भरायची नळी ओढून आणली.

"अजी, हे का करून राह्यले?" विमलताईंनी दारातून विचारलं.

"सफाई करून राह्यलो. सायलेन्सरपासून रेडिएटरपर्यंत सारं याच हवेनं साफ केलं मी. तू मांगं सरक."

विमलताई मागं सरकल्या, म्हणून वाचल्या. या मशीनची शाई म्हणजे ओली शाई नव्हे, रव्याहूनही बारीक रंगीत पूड. तिला टोनर म्हणतात. नळीची हवा तिच्या डब्यावर बसली आणि आख्खं दुकान गुलाबी झालं. नागोराव गुलाबी, भिंती गुलाबी, पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेले एक गृहस्थ पांढऱ्या धोतरासकट गुलाबी. माझ्या दुकानातल्या पन्नास वह्यासुद्धा गुलाबी झाल्या. त्या मी होळीच्या खास वह्या म्हणून खपवल्या, पण ते जाऊ द्या.

मग यवतमाळहून अय्याज आला. या जातीच्या मशीनचा जिल्ह्यातला एकमेव जाणकार. बोलतो हिंदीत, समजावतो मराठीत आणि शिव्या मनातल्या मनात देतो. त्यानं मशीन उघडलं. आत टोनर तर होताच, पण रबराचे रोलर ग्रीसनं माखलेले होते.

"सेठ, ये ग्रीस?"

"मी लावलं. आवाज करून राह्यलं होतं."

"रोलरचं काम कागद धरून ओढायचं आहे. तुम्ही त्याला तेल लावलं, आता तो कागद सोडून देतो. कुस्तीवाल्याच्या अंगाला तेल लावतात तसं झालं."

"मंग पैलवान होईल," नागोराव म्हणाले.

अय्याजनं वर पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि रोलर बदलायला घेतले. कपाळही गुलाबी झालं.

त्यानंतर मशीन ठीक चाललं. जिद्द आणि गिऱ्हाईक दोन्ही नागोरावांकडे होतं, आणि अय्याजच्या धाकानं ग्रीसचा डबा घरी गेला. लग्नसराईत त्यांच्याकडे रांगा लागायच्या. मग त्यांनी "घेऊन ठेवा" अंमलात आणायला सुरुवात केली. नागपूरला कुठल्याही कामानं गेले, नातलगाच्या मयतीला गेले तरी, येताना एखादा पार्ट घेऊन यायचे. कधी लागणार नाही असा पंखा आणला, कधीही न बिघडणारी झाकणं आणली, मोडीत निघालेल्या दोन मशीनच्या पाठीचे लोखंडी पत्रे आणले. मशीनला जे रोज लागतं ते मात्र फारसं येत नव्हतं, कारण ते दिसायला किरकोळ असतं. विमलताईंच्या पापडाचं कपाट पार्टांसाठी रिकामं झालं आणि पापड पलंगाखाली गेले.

ड्रमची गोष्ट वेगळी. ड्रम म्हणजे हातभर लांबीचं एक चकचकीत नळकांडं. मशीनमध्ये चित्र आधी त्याच्या अंगावर उमटतं आणि मग कागदावर जातं. रंग असा सुंदर, हिरवट निळा, की मोराची मान लाजावी. नागोरावांना ते पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे मोराला पोत्यात घालण्यासारखं वाटलं. त्यांनी दर्शनी भागात काचेचं शोकेस करवून घेतलं. काळ्या पिशव्या फाडल्या, सगळे ड्रम ओळीनं उभे केले, वर एलईडीची पट्टी लावली. मशीनमधला ड्रम झिजला तर नवा नागपूरहून यायचा, शोकेसमधला हलायचा नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "हे का होय जी?" आणि नागोरावांना सेंटर बोल्टपासून सुरुवात करता यायची. गोष्टीच्या शेवटी ते शोकेसकडे हात करायचे. "आता आपली गाडी रस्त्यात उभी राहत नाही."

ऐकणाऱ्याला पत्रिका घ्यायची असायची, त्यामुळे तो मान हलवायचा.

याच सुमारास आमच्याच रस्त्याला, पण वरच्या अंगाला, शमानं छापखाना टाकला. शमा म्हणजे निजामुद्दीनभाईंची मुलगी. निजामुद्दीनभाईंचं ट्रेडल मशीन वणीतलं जुनं. शिशाचे खिळे एकेक जुळवून छापायचे. नागोरावांची स्वतःची लग्नपत्रिका त्यांनीच छापलेली, त्यात नागोरावांचं नाव नागोरव झालं होतं. ते मशीन भंगारात गेलं आणि भाई घरी बसले. शमा अमरावतीला शिकून आली, कर्ज काढलं, आणि मशीन घेतलं तेही अगदी नागोरावांच्याच जातीचं. कारण सरळ होतं. अय्याज तेच दुरुस्त करायचा आणि पार्ट नागपुरात मिळायचे.

नागोरावांना हे सरळ कारण कळलं नाही. ते माझ्या दुकानात येऊन ओरडले, "दुनियेत दुसरं मशीन नव्हतं का तिले? अगदी माझंच पायजे?"

"तुमचं तुमच्याकडेच आहे, तिनं तिचं घेतलं," मी म्हणालो.

"तुमाले धंदा समजत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडचं एक पेन खिशाला लावलं आणि ते निघून गेले. मला धंदा समजत नाही हे त्या पेनपुरतं खरं होतं.

मग त्यांनी धंदा केला. लग्नसराईच्या तोंडावर नागपूर गाठलं आणि व्यापाऱ्याकडे त्या मशीनचे जेवढे ड्रम होते तेवढे सगळे उचलून आणले. शोकेसची दुसरी ओळ भरली. शमाचा ड्रम भर हंगामात संपला. तिनं नागपूरला फोन केला तर माल शिल्लक नाही. दुरून कुठूनतरी कुरिअरनं मागवायचा तर वाट पाहायची. तिची गिऱ्हाइकं परत फिरली आणि नागोरावांच्या दारात आली. नागोरावांनी त्या दिवशी रस्ताभर पेढे वाटले. कशाचे, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असंच. मन प्रसन्न हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शमा आली. स्कूटी लावली, आत गेली. मी भिंतीला पाठ टेकून वह्या मोजू लागलो.

"काका, एक ड्रम द्या. माझा आला की नवाकोरा परत करीन."

"हे विकाचे नाही, बेटा. दाखवाचे हाय."

"दाखवायचे?" ती शोकेसकडे पाहत असावी. "काका, हे तुमी पिशवीतून काढून उजेडात..."

"हे पाय शमा, तुझा बाप शिसे जुळवत होता तवापासून मी धंद्यात हाव. मले शिकवू नको."

"नाही शिकवत," शमा म्हणाली. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. गोडीनं म्हणाली होती, आणि तेच मला खटकलं.

वर्ष गेलं. शमाचा छापखाना बंद पडेल ही नागोरावांची अपेक्षा शमानं पूर्ण केली नाही. उलट जम बसवला. नागोरावांच्या घरी मात्र कार्य निघालं. त्यांची मुलगी प्रेरणा, तिचं बोरी अरबच्या आयुषशी ठरलं. बोरी अरबची माणसं म्हणजे तूर-सोयाबीनचं भरलं घर. मुलाचे काका भगवानराव सगळा व्यवहार पाहायचे.

आता वणीतला पत्रिकांचा राजा स्वतःच्या मुलीची पत्रिका काढणार. नागोरावांनी ती पुस्तकासारखी ठरवली. पहिल्या पानावर कळंबचा चिंतामणी गणपती. दुसऱ्या पानावर नागोराव आणि विमलताई. तिसऱ्यावर नागोराव एकटे. मग ढुमणे घराणं, मग निमंत्रक, प्रेषक, विनीत, आणि लहान मुलांच्या "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं". मध्ये एका ठिकाणी जागा सापडली म्हणून नवरा-नवरीचा फोटो.

"बाबा, माझं नाव बारीक वाटते," प्रेरणा म्हणाली.

"तुले कोण नाही ओळखत? माणूस पाहून येते, नाव पाहून नाही."

पत्रिका पाहायला भगवानराव बोरी अरबहून मुद्दाम आले. चहा झाला, चिवडा झाला. नागोरावांनी त्यांना मशीनसमोर खुर्ची टाकून बसवलं आणि छपाई सुरू केली. चिंतामणी सुरेख आला. विमलताई आल्या. तिसऱ्या पानावर एकट्या नागोरावांच्या नाकावरून एक काळी रेघ गेली. पुढच्या प्रतीत रेघ जाड झाली.

"ड्रम गेला," नागोराव आनंदानं म्हणाले. खरोखर आनंदानं. ज्या क्षणासाठी माणूस वर्षानुवर्षं साठा करतो तो क्षण व्याह्यांच्या देखत आला होता. त्यांनी हात धुतले, शोकेस उघडलं, दोन्ही हातांनी एक ड्रम उचलला आणि भगवानरावांना सेंटर बोल्टची गोष्ट सांगत सांगत तो मशीनमध्ये बसवला. "आता आपली गाडी रस्त्यात..."

कागद बाहेर आला. त्यावर चिंतामणी होता, पण लाटांमधून पाहिल्यासारखा. गडद पट्टा, फिकट पट्टा, पुन्हा गडद, पुन्हा फिकट, वरपासून खालपर्यंत. दुसरा ड्रम बसवला. पट्टे. तिसरा बसवला. पट्टे, आणि ते आधीपेक्षा रुंद. नवरदेवाचं पान निघालं तेव्हा भगवानरावांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"इवाई, हा आमचा आयुष हाय का टिपेश्वरचा वाघ?"

विमलताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या रडत होत्या असं नागोराव म्हणतात. मला भिंतीतून वेगळं ऐकू आलं.

नागोरावांनी अय्याजला फोन लावला आणि घाईत तो स्पीकरवर लागला.

"ड्रम कहां रखे थे, सेठ?"

"शोकेसमधी."

"पिशवीत?"

"पिशवी कायले? दिसाले पायजे ना."

"लाइट लगाया था क्या?"

"हाव. एलईडी. लय सुंदर दिसते."

"सेठ, तो ड्रम आहे, दुल्हन नाही. त्याला उजेडात बसवत नाहीत. जी बाजू लाइटसमोर होती ती मेली, मागची जिंदा आहे. म्हणून ड्रम फिरला की पट्टा येतो. सगळे गेले असतील."

"मंग नागपूरहून आणतो आजच्या आज."

"नागपुरात नाही. मी कालच विचारलं. कुणीतरी सगळा माल उचलून नेला तेव्हापासून व्यापाऱ्यानं तो ठेवणंच बंद केलं."

"कोण हाय तो मूर्ख?"

अय्याजनं फोन ठेवला. अय्याज चांगल्या घरचा आहे.

भगवानराव समजूतदारपणे उठले. "होते जी असं. मशीन हाय," म्हणाले, आणि पट्ट्यापट्ट्याचा आयुष घडी करून खिशात घालून बोरी अरबला घेऊन गेले. तिथं तो घरोघरी दाखवला गेला. ही व्याह्यांची रीतच आहे, त्यात त्यांचा दोष नाही.

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करताना पाहिलं, नागोराव मशीनसमोरच्या त्याच खुर्चीवर बसले होते. एसी चालू होता आणि तरी त्यांच्या मानेवर घाम होता. शोकेसमधले उरलेले ड्रम मोरासारखे चमकत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, ते पाहवत नव्हतं.

प्रेरणा आली. तिनं पट्ट्यांचे कागद गोळा केले. "बाबा, सोडा ना. आता सारे मोबाइलवरच पाठवतात. मी आजच पाठवून देते सगळ्याइले."

"नाही," नागोराव म्हणाले. मग हळू आवाजात, जो मी कधी ऐकला नव्हता, "त्या रस्त्यावर मी गाडीखाली बसलो होतो ना, तवा जे जे हॉर्न वाजवत गेले, त्या एकेकाच्या हातात मले ही पत्रिका द्याची होती. मोबाइलवर हातात नाही देता येत वो माय."

प्रेरणानं हातातले कागद खाली ठेवले. "मंग शमाकडे मी जाऊ का? माझ्या वर्गात होती ते."

"नाही. मीच जातो."

ते पायी गेले. शमाचा छापखाना आमच्याच रस्त्याला, पण नागोरावांना पोचायला वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येकानं लग्नाची तयारी कुठवर आली ते विचारलं. पुढचं मला निजामुद्दीनभाईंकडून कळलं. भाई सांगताना चहा थंड होऊ देतात, म्हणजे गोष्ट त्यांना किती आवडते ते समजावं.

भाईंनी नागोरावांना बसवलं, फरीदाभाभींना, म्हणजे शमाच्या आईला, चहा ठेवायला सांगितलं आणि कापसाच्या भावावर बोलायला सुरुवात केली. मग गुडघ्यांवर बोलले. मग कुण्या पुतण्याच्या दुबईवर. नागोराव तोंड उघडायचे आणि भाई त्यात बिस्किट ठेवायचे. शेवटी शमाच आतून आली.

"काका, किती प्रती?"

नागोराव चपापले. "तुले कोणं सांगितलं?"

"वाघाचा फोटो फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आला दुपारीच. बोरी अरबहून."

नागोराव म्हणाले, "एक ड्रम दे, बेटा. नवाकोरा आणून देईन." बोलताबोलता त्यांना हेच वाक्य आधी कुणाच्या तोंडून ऐकलं ते आठवलं असावं, कारण ते मध्येच खोकले.

"ड्रम नाही देत," शमा म्हणाली. "माझ्याजवळ जादाचा एकच आहे. तो तुमाले दिला अन् उद्या माझा गेला, तर माझे गिऱ्हाईक तुमच्याकडे येतील अन् तुमी पेढे वाटान. फाइल पाठवा. मी छापून देते."

"तुझ्या मशीनवर?"

"मशीन एकच जातीचं आहे, काका. तुमाले आवडलं नव्हतं ना तेव्हा?"

नागोरावांनी मान खाली घातली. भाई म्हणतात, त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी आणखी एक बिस्किट पुढं केलं.

"एक सांगतो," नागोराव शेवटी म्हणाले. "मुद्रक म्हणून खाली नाव..."

"माझं येईल. छापणाऱ्याचं नाव खाली येतेच. तुमीच मजकूर घेताना सगळ्याइले सांगता."

"बारीक अक्षरात?"

"प्रेरणाच्या नावाएवढ्या," शमा म्हणाली.

पत्रिका झाल्या. चिंतामणी सुरेख, नागोराव दोन पानांवर सुरेख, आणि प्रेरणाचं नाव शमानं न विचारता मोठं केलेलं. खालच्या ओळीत शमाच्या छापखान्याचं नाव. नागोराव त्या पत्रिका घेऊन जुन्या ट्रकवाल्यांच्या घरोघर फिरले. त्यातले काही वारले होते, त्यांच्या मुलांना दिल्या. एका म्हाताऱ्या ठेकेदारानं चष्मा लावून शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, "तुमचा स्वतःचा छापखाना असून इथं काहून?"

"नवीन पोरगी हाय," नागोराव म्हणाले. "म्हटलं आपण पुढं नाही आणलं तर कोण आणील?"

लग्न थाटात झालं. मंडपात शमा आली तेव्हा विमलताईंनी तिचा हात धरून तिला जेवायला आपल्या शेजारी बसवलं. आयुषला सगळ्यांनी वाघ म्हणून हाक मारली, ती हाक त्याला अजून लागूच आहे, आणि प्रेरणा सांगते की त्याला आवडते.

त्यानंतर नागोराव एक दिवस स्वतःहून शमाकडे गेले आणि म्हणाले की दोघांनी पार्ट मिळून आणावे आणि एकाच ठिकाणी ठेवावे. ठेवायचं ठिकाण म्हणून त्यांनी आपलं दुकान सुचवलं. तेव्हापासून सगळा माल तिच्याकडच्या मागच्या अंधाऱ्या, गार खोलीत असतो. नागोराव रोज सकाळी "तपासणी"ला जातात, शमा दिव्याचं बटण दाबू देत नाही म्हणून अंधारातच चाचपडतात, आणि मग भाईंसोबत बसून चहा घेतात. भाई त्यांना शिशाच्या खिळ्यांबद्दल सांगतात, नागोराव भाईंना ट्रकबद्दल. कुणीच कुणाचं ऐकत नाही. मैत्री टिकायला याहून जास्त काय लागतं?

गावात मात्र इतिहास थोडा वेगळा सांगितला जातो. नागोरावांच्या सांगण्यानुसार ही सामायिक साठ्याची कल्पना त्यांना पूर्वीच सुचली होती, ड्रम अंधारात ठेवावे हेही त्यांनीच प्रयोग करून सिद्ध केलं, आणि शमाला त्यांनीच तयार केलं. शमाला कुणी विचारलं तर ती म्हणते, "हाव, काकांनीच दाखवलं." खोटं म्हणता येत नाही.

परवा सकाळच्या तपासणीतच नागोरावांना मारेगावहून फोन आला. तिथं एकानं नुकतंच तसलंच मशीन टाकलंय, त्याचा कागद ओढणारा रोलर गेला होता आणि सराई तोंडावर होती. मी तेव्हा भाईंकडे चहाला तिथंच होतो. नागोरावांनी त्या माणसाला सुटे भाग, दूरदृष्टी आणि धंद्यातला माणूसपणा यावर भरपूर ऐकवलं. मग शमाला न विचारता खोलीतून रोलर काढला, पिशवीत घातला आणि "पोराची सराई जाईल ना बे," म्हणत एसटी पकडून स्वतः मारेगावला गेले. दुपारी शमाचा फोन वाजला. कागद पुढं जायच्या ऐवजी मागं येत होता. शमानं व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"काका, उलटा बसवला तुमी."

"मले वाटलंच," मारेगावहून नागोराव म्हणाले. "या पोरानं मशीनच उलटं ठेवलं हाय."